स्टीलची पट्टी आणि लाल लेझर: पावसाळाभर वापरल्यानंतर

बीएस्सीच्या मुलांना हेलियमचे अणू स्फटिकाच्या पृष्ठभागावरून कसे विखुरतात हे दाखवायला मी मे महिन्यापासून खोदीव खुणांची स्टीलची पट्टी आणि लाल लेझर पॉइंटर वापरतोय. अणूही लाटेसारखे वागतात, म्हणून ते प्रकाशाने दाखवता येतं: पट्टीच्या खुणा म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या रांगा, लेझर म्हणजे हेलियम. दोन्ही ठाण्यात गोखले रोडवर सहज मिळालं. नौपाड्यातल्या क्लासचे पडदे ओढले की झालं.

पट्टी टेबलावर आडवी ठेवायची आणि लेझर तिला जेमतेम चाटून जाईल असा, तीनेक अंशांत, टाकायचा. तीन मीटरवरच्या भिंतीवर ठिपक्यांची उभी रांग उमटते. मिलिमीटरच्या खुणांवर मुख्य परावर्तनाच्या वरचा पहिला ठिपका साधारण साडेतीन सेंटिमीटरवर पडतो, पुढचे जवळजवळ येत जातात. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांवर सरकवली की रांग फाकते. कोऱ्या स्टीलवर आणली की एकच ठिपका उरतो, आणि मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. चांदीच्या (111) पृष्ठभागावरून (हे आकडे स्फटिक कोणत्या दिशेने कापलाय ते सांगतात) हेलियम जवळपास असाच परततो, कारण तिथले अणू इतके दाटीने बसलेले असतात की चढउतार त्याला जाणवतच नाहीत.

हे दिसल्यावर आकडे मुलांच्या डोक्यात पटकन बसतात. साध्या तापमानाच्या नोझलमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, सुटलेल्या हेलियमची तरंगलांबी सुमारे 0.56 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), आणि लिथियम फ्लोराइडच्या पृष्ठभागावर एकसारख्या आयनांमधलं अंतर 2.84 अँगस्ट्रॉम. भौतिकशास्त्रज्ञ एस्टरमान आणि स्टर्न यांनी 1930 साली हॅम्बुर्गमधून अणूंचं हे विवर्तन (लाटांसारखं ठरावीक दिशांनाच विखुरणं) प्रसिद्ध केलं ते याच स्फटिकावरचं. नोझलमधून सुटलेल्या हेलियम अणूची ऊर्जा जेमतेम 65 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट असते (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचं एकक, मिली म्हणजे त्याचा हजारावा भाग). एक अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या इलेक्ट्रॉनला सुमारे 150 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणून हेलियम आत घुसत नाही, काही तोडत नाही. सगळ्यात वरच्या थराच्या इलेक्ट्रॉनांना टेकून माघारी फिरतो.

पावसाळ्यात एक गोष्ट नव्याने लक्षात आली. दमट हवेत पट्टीवर बोटाचा ठसा राहिला की ठिपक्यांभोवती धूसर प्रकाश पसरतो आणि दूरचे ठिपके पुसट होतात. स्पिरिटच्या बोळ्याने पुसली की रांग परत लख्ख. अणूंच्या खऱ्या प्रयोगात अतिउच्च निर्वात, म्हणजे हवा जवळपास पूर्ण काढलेली पोकळी, कशासाठी, हे मी आता इथूनच सांगतो. दाब 10⁻⁶ टॉर (नेहमीच्या हवेच्या दाबाचा साधारण अब्जावा भाग) असला तर स्वच्छ पृष्ठभागावर सेकंदाच्या आसपास वायूचा एक थर बसू शकतो. प्लॅटिनमवर चिकटलेला कार्बन मोनॉक्साइडचा एकटा रेणू हेलियमसाठी शंभरेक चौरस अँगस्ट्रॉम जागा खराब करतो, म्हणजे स्वतःच्या आकाराच्या कितीतरी पट.

घेताना खुणांवरून नख फिरवून पाहा. छापील खुणांची पट्टी लवकर घासली जाते. लेझर एक मिलीवॅटच्या आतला असावा आणि परतणारा किरण कुणाच्या डोळ्यांच्या पातळीत येऊ देऊ नका. सेल उतरले की वरचे ठिपके आधी जातात.

आता मर्यादा. ठिपके कुठे पडतात हे खुणांच्या अंतरावरून ठरतं, तेवढं पट्टी चोख दाखवते. ठिपक्यांच्या तेजावर मात्र विसंबू नका. पट्टीवर काळ्या-चकचकीत रेघा आहेत, स्फटिकावर चढउतार. लिथियम फ्लोराइडवर ते साधारण 0.3 अँगस्ट्रॉमचे असतात, आणि ही उंची ठिपक्यांच्या तीव्रतांवरूनच काढतात.

दुसरी अडचण आकर्षणाची. लेझरचा कोन कमी करत नेला की मुख्य ठिपक्याच्या खालचे ठिपके एकेक करून पट्टीच्या पातळीत बुडतात. तीन अंशांपाशी दुसरा बुडायच्या बेतात असतो. प्रकाशाच्या बाबतीत तो गेला की विषय संपला. हेलियमला पृष्ठभाग हलकासा ओढून धरतो, त्यामुळे अशा बुडालेल्या दिशेतला अणू ऊर्जा नेमकी जुळली तर काही काळ पृष्ठभागालगत धावत राहतो आणि परावर्तित तीव्रतेत खाच पडते. फ्रिश आणि स्टर्न यांना 1933 साली अशा खाचा दिसल्या, 1936 साली लेनार्ड-जोन्स आणि डेव्हनशायर यांनी त्यांचं कारण सांगितलं. इथे मी लेझर बंद करून फळ्यावर ऊर्जेच्या खड्ड्याची, म्हणजे अणूला पृष्ठभागालगत धरून ठेवणाऱ्या ओढीची, आकृती काढतो.