रोजच्या दुखण्यावर काय घ्यावं: पॅरासिटामोल, आयब्युप्रोफेन की नुसतं मलम?

आमच्या डिचोलीच्या घरी फ्रिजवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो, त्यात घरातल्या सगळ्या गोळ्या. आईचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतं का ते सांगणारी रक्ततपासणी) वाढल्याचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी तो डबा टेबलावर उपडा केला. कात्रीने कापलेले पट्ट्यांचे तुकडे पडले, दोन-दोन, चार-चार गोळ्यांचे. कुणावर औषधाचं नाव अर्धंच उरलेलं, कुणावर नुसतीच किंमत. आई बोट ठेवत सांगत होती, "बाय, ही गुडघ्यांची, ही पाठीची, ही डोक्याची." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवल्या. गुडघ्यांची निघाली डायक्लोफेनॅक, पाठीची आयब्युप्रोफेन. दोन्ही एकाच जातीच्या, आणि कित्येकदा एकाच दिवशी पोटात गेलेल्या.

ज्यांचं दुखणं चार दिवसांत जातं त्यांनी एवढा विचार केला नाही तरी चालेल. हा आढावा आहे रोज किंवा दिवसाआड गोळी घेणाऱ्यांसाठी.

आधी पॅरासिटामोल. ते जठराला इजा करत नाही, रक्त पातळ करत नाही, आणि नेमक्या मात्रेत मूत्रपिंडालाही बरंच सोसवतं. त्याचा धोका यकृताला. गोळीच्या काही भागाचं यकृतात विष बनतं आणि ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ ते लगेच निकामी करतो. गोळ्या जास्त झाल्या, किंवा रोजच्या दारूने, उपासाने, अशक्तपणाने तो साठा आटला, की विष यकृताच्या पेशींवर उतरतं. निरोगी प्रौढाला २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या झाल्या की तुम्ही तिच्या काठावर असता. वजन कमी असेल किंवा रोज घ्यायची असेल, तर डॉक्टर याहून बरंच कमी सांगतात. मार्च-एप्रिलात हुर्राक, म्हणजे काजूची दारू, उतरतो तेव्हा रात्री दोन ग्लास आणि सकाळी डोकं धरलं म्हणून गोळी, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. रोज पिणाऱ्याने पॅरासिटामोलला 'साधी गोळी' समजू नये. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही ते असतंच, म्हणून दोन्हींची बेरीज करायला हवी. मात्रा फार झाली तर पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसं जाणवत नाही, यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी दिसते. उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वात चांगला लागू पडतो. त्रास व्हायची वाट न बघता तडक बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यावं.

एक मात्र खरं, झिजलेल्या गुडघ्यांवर पॅरासिटामोलचा फायदा थोडाच होतो. माणसं दुसऱ्या गोळीकडे वळतात ती त्यामुळेच.

ती दुसरी जात म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन. सूज आणि दुखणं वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची शरीरातली रसायनं या गोळ्या अडवतात. पण जठराचं अस्तर सांभाळणं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा चालू ठेवणं हीही त्याच प्रोस्टाग्लँडिन्सची कामं, आणि तीही सोबत अडतात. "जेवून घेतली की काही होत नाही" हे मी लहानपणापासून ऐकत आले. जेवण झाल्यावर घेतली तर जळजळ कमी होईल, पण गोळी रक्तातून सगळीकडे पोचतेच, त्यामुळे अल्सर व्हायचा असेल तर जेवूनही होतो. सोबत घेतलेली ॲसिडिटीची गोळी जठर वाचवते, मूत्रपिंड नाही. शौचास डांबरासारखं काळं झालं तर आत रक्तस्राव चालू असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सर्वात जास्त काळजी मला मूत्रपिंडाची वाटते. साठीच्या पुढे अनेकांना रक्तदाबाची गोळी असते, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी, आणि काहींना लघवी वाढवणारीही. त्यात या दुसऱ्या जातीच्या गोळीची भर पडली की तिन्ही मिळून मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा घटवतात. वर मे महिन्याचं ऊन, काजूच्या बागेतलं काम, अंगातलं पाणी कमी झालेलं. दक्षिण गोव्यातल्या काणकोणात मूत्रपिंडाचे रुग्ण वर्षानुवर्षे जास्त आढळतात आणि त्याचं कारण अजून पक्कं झालेलं नाही. ते गोळ्यांमुळे आहे असं मी म्हणत नाही. पण तिथल्या माणसाने तरी या गोळ्या हातात घेण्याआधी दोनदा विचार करावा.

या जातीतही फरक आहेत. आयब्युप्रोफेन स्वतःहून घेताना दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या आत आणि थोडेच दिवस, एवढं बंधन पाळता येतं. डायक्लोफेनॅक मात्र चिठ्ठीशिवाय घेऊच नये. हृदयविकार असलेल्यांनी ते टाळावं असं युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये सांगितलं. आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली, कारण औषध दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. माणसाचं शरीर गिधाडासारखं नाही हे खरं, तरी ते वाचल्यापासून ही गोळी मला क्षुल्लक वाटत नाही. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की आयब्युप्रोफेन तिच्या कामात आडवं येतं.

गुडघा आणि बोटांच्या सांध्यांसाठी डायक्लोफेनॅकचं मलम मला सर्वात पटतं. गोळीच्या मानाने रक्तात जाणारं औषध साधारण ६ टक्केच. दिवसातून तीन-चारदा लावायचा कंटाळा येतो आणि कंबरेच्या खोल दुखण्याला ते पुरत नाही. मूत्रपिंड आधीच कमकुवत असेल तर मलमही विचारूनच लावावं.

डोकेदुखीचं गणित वेगळं. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साधी गोळी, असे तीन महिने गेले, तर गोळीमुळेच डोकं दुखू लागतं. तिथे गोळी बदलून भागत नाही, ती बंद करावी लागते, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामोल, दुसऱ्या जातीने रक्तस्रावाचा धोका वाढतो. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर ती दुसरी जात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोच.

म्हणून दुखतं कुठे याच्याआधी स्वतःला विचारा, माझं अशक्त काय आहे? यकृत असेल तर पॅरासिटामोल जपून. पोट, मूत्रपिंड, हृदय किंवा रक्तदाब असेल तर दुसरी जात नको. दोन्हीकडे अडचण असेल तर मलम, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, आणि डॉक्टर. गोळी रोजचीच झाली असेल तर क्रिएटिनिन आणि रक्तदाब तपासून घ्या.

आई आता सकाळी खुर्चीवर बसून पाय सरळ उचलण्याचा व्यायाम करते, वीस वेळा, मग मलम. चतुर्थीत गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला दिवसभर उभं राहावं लागतं, तेवढ्यापुरती पॅरासिटामोल. ज्या दिवशी घेते त्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारते. फार्मसीत मी अख्खी पट्टी मागते, आणि गोळ्या काढताना नावाची बाजू शेवटपर्यंत राहील अशा कडेने सुरुवात करते.