चुका शोधणाऱ्यांनी घ्यावा असा 'स्टार ट्रेक'चा ब्ल्यू-रे संच

मूळ 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळ-मालिकेचे (१९६६ ते १९६९) सगळे ७९ भाग या संचात आहेत. मी तो घेतला तो मालिकेतल्या विसंगती नीट तपासायला, आणि त्या कामाला याच्यासारखं दुसरं काही नाही.

चित्र इतकं स्वच्छ आहे की 'स्पेस सीड' या भागातल्या शेवटच्या मारामारीत यानाचा कप्तान कर्क आणि खलनायक खान यांच्या जागी लढणारे डमी (स्टंटमन) चेहऱ्यानिशी ओळखू येतात. सुरुवातीच्या एका भागात थडग्यावर 'जेम्स आर. कर्क' कोरलेलं आहे. पुढे तोच कप्तान कायमचा जेम्स टी. झाला. तिथे चित्र थांबवून ते अक्षर बघाच.

माझा सगळ्यात लाडका घोळ 'द एनिमी विदिन'मधला. माणसांना क्षणात यानातून ग्रहावर नेणारा-आणणारा ट्रान्सपोर्टर बिघडलाय, यानावरचा अधिकारी सुलू आणि सोबती ग्रहावर थंडीने गारठून मरायला टेकलेत, मग छोटं शटल यान खाली का पाठवत नाहीत? कारण निर्मात्यांकडे ते तेव्हा तयारच नव्हतं! ते पहिल्यांदा दिसलं नोव्हेंबर १९६६मध्ये, 'द मेनॅजरी'मध्ये. अशी कारणं कळली की मालिका अधिकच आवडू लागते.

२००६पासून नव्याने केलेली अवकाशदृश्यं आणि जुनी मूळ दृश्यं, दोन्ही निवडता येतात. नवी देखणी आहेत, पण मी जुनीच लावतो. चुका शोधायच्या तर प्रेक्षकांनी तेव्हा पाहिलं तेच समोर हवं.