नऊ महिने, तीन मेम्ब्रेन आणि फुकट गेलेले अठराशे रुपये

कमिटीच्या मीटिंगमध्ये ‘ऑक्सिजन मीटर घ्यायचाय’ म्हटलं तर दोघांनी हसत बोट पुढे केलं. कोविडातला तो चिमटा डोक्यातून जात नाही. मला हवा होता तो एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या टाकीत बुडवायचा. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा प्लांट तळघरात आहे, आणि रजिस्टरमध्ये एअरेशन टँकचा (ब्लोअर पाण्यात हवा सोडतो ती टाकी) डीओ आठ महिने रोज 2.0. पावसात 2.0, गणपतीत 2.0, दोन तास लाइट नव्हते त्या दिवशीही 2.0!

डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. घाण खाणाऱ्या जिवाणूंना तो लिटरमागे दोनेक मिलिग्रॅम मिळाला की पुरतो. कमी पडला तर वास, जास्त झाला तर ब्लोअरचं फुकटचं वीजबिल.

चार मीटर केबलचा, गॅल्व्हॅनिक (स्वतःच करंट तयार करणाऱ्या) सेन्सरचा मीटर साडेचौदा हजारांत पडला. पोलॅरोग्राफिक, म्हणजे बाहेरून व्होल्टेज लागणाऱ्या प्रकारात चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं, आणि तेवढा धीर आमच्या तळघरात कोणाला? गॅल्व्हॅनिक लगेच आकडा दाखवतो. खोट एकच, मीटर बंद ठेवला तरी आतला अ‍ॅनोड (धातूचा इलेक्ट्रोड) झिजतच राहतो.

पहिले दोन महिने मजेत गेले. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी आकडा 0.6. ब्लोअर चालू, टाकीत बुडबुडे भरपूर. तरी ब्लोअरचा माणूस बोलावला. त्याने फिल्टर झटकला, बेल्ट ताणला, अठराशे घेतले. आकडा 0.7. मग ऑपरेटरनेच प्रोब, म्हणजे केबलच्या टोकाचा सेन्सर, ट्यूबलाइटखाली धरला, “काका, हे बघा.” टोकाच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर, बुळबुळीत तपकिरी थर आणि त्यात गुंडाळलेला एक लांब केस. ओल्या टिश्यूने हलकेच पुसलं, परत बुडवला, तर 2.3. ऑक्सिजन त्या पातळ पडद्यातून झिरपून आतल्या दुसऱ्या इलेक्ट्रोडपर्यंत, कॅथोडपर्यंत पोचतो, तेव्हा करंट तयार होतो. वर शेवाळासारखा थर बसला की वाट अडते, शिवाय त्या थरातले जीव स्वतःच ऑक्सिजन खातात. ब्लोअर बिचारा उगाच बदनाम झाला.

प्रोब पाण्यात नुसता लोंबकळत ठेवायचा नाही, हेही तेव्हाच कळलं. हा सेन्सर समोरच्या पाण्यातला ऑक्सिजन वापरून टाकतो, त्यामुळे पाणी हललं नाही तर आकडा आपोआप खाली सरकतो. वरण ढवळतो तसा सावकाश फिरवायचा. एअरेशन टँकमध्ये उलटा त्रास, बुडबुडा मेम्ब्रेनला चिकटला की आकडा एकदम वर उडी मारतो. प्रोब जरा तिरका धरा.

मॅन्युअल काहीही म्हणो, सांडपाण्यात मेम्ब्रेनची टोपी आमच्याकडे तीनेक महिन्यांच्या वर टिकली नाही. बदलताना टोपीत इलेक्ट्रोलाइट (करंट वाहून नेणारं द्रावण) काठोकाठ भरा, टिचक्या मारून बुडबुडे वर आणा, मग हळूहळू फिरवत बसवा. थोडं बाहेर सांडलं तर सांडू द्या. आत एक बुडबुडा राहिला की आकडा दिवसभर डोलत राहतो. मेम्ब्रेनला बोट लावू नका. माझी पहिली टोपी नखानेच गेली.

कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा जुळवून घेणं, हवेतच होतं. बाटलीच्या तळाला ओला स्पंज, वर प्रोब लटकता, पाण्याला टेकू द्यायचा नाही, पंधरा मिनिटं थांबून आकडा 100 टक्क्यांवर लावायचा. 25 अंशाला लिटरभर गोड्या पाण्यात 8.26 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला 7.56, मे महिन्यात आकडे घसरतात त्यात मीटरचा दोष नाही. महिन्यातून एकदा सोडियम सल्फाइटच्या पाण्यात बुडवून शून्याजवळ येतो का बघतो, नंतर खळखळून धुतो. कच्च्या सांडपाण्याच्या टाकीत तो कधीच घालत नाही. तिथला हायड्रोजन सल्फाइड सेन्सरला मारक.

शेजारचा कॉलेजातला मुलगा एकदा मीटर ठाण्याच्या खाडीवर घेऊन गेला आणि ‘खाडीत भरपूर ऑक्सिजन’ असं सांगत आला. मीटरमधली सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा, शून्यावरच ठेवलेली! समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा जवळपास पंचमांश कमी ऑक्सिजन मावतो, ते मीटरला सांगावं लागतं. नाहीतर आकडा फुगीरच येणार.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. मॅनेजरने विचारलं, टाकी साफ करायला माणूस उतरवण्याआधी याने हवा तपासता येईल का? नाही. हा मीटर त्या कामाचा नाही. हवेतला 20.9 टक्के ऑक्सिजन आणि विषारी वायू मोजणारा गॅस डिटेक्टर वेगळा असतो. आणि मुळात सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. आम्ही मशीनवाल्यांना बोलावलं.

फायदा झाला तो रात्रीचा. पहाटे तीनला डीओ पाचच्या वर जातो हे दिसलं, तेव्हा ब्लोअरला टायमर लावला. रजिस्टरमध्ये आता 1.7, 2.4, 1.9 असे खरे आकडे येतात. परवा एका रकान्यात ‘0.9, केस काढला, 2.1’ असंही लिहिलेलं होतं.

अ‍ॅनोड संपत आलाय असं वाटतं, कॅलिब्रेशन हल्ली नीट पकडत नाही. ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने मोजणाऱ्या प्रोबला इलेक्ट्रोलाइट लागत नाही, ढवळावंही लागत नाही, पण कोटेशन या मीटरच्या तिप्पट आलंय. खजिनदारांनी अजून सही केलेली नाही.