एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ की ब्लू-रे: घरच्या ५.१ संचावर संगीत ऐकायचं तर काय घ्यावं?

पाच स्पीकर, एक सबवूफर (हाच ५.१ संच) आणि त्यांना आवाज पुरवणारा रिसीव्हर घरात आहेच, आजवर त्यावर सिनेमे पाहिले, आता संगीतही चारी बाजूंनी ऐकायचंय. अशा माणसासमोर तीन तऱ्हेच्या डिस्क येतात. त्यांच्यावरची चर्चा बहुतेक वेळा किलोहर्ट्झ आणि बिटच्या आकड्यांत अडकते. माझ्या मते तो भाग शेवटी बघायचा. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक चाचणी छापली होती. हाय-रेझोल्यूशन, म्हणजे सीडीहून बारकाईने नोंदलेला स्टीरिओ आवाज मध्येच सीडीच्या दर्जाच्या, म्हणजे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झच्या टप्प्यातून नेला, तरी नेहमीच्या पातळीवर ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही. त्यावर वाद भरपूर झाले. पण दोनाऐवजी पाच स्पीकरमधून मिक्स (कोणतं वाद्य कुठल्या स्पीकरमधून किती यावं याची मांडणी) ऐकल्यावर पडणारा फरक कुणालाही कळतो. म्हणून आधी दोनच गोष्टी बघा. हवं ते संगीत कशावर निघालंय, आणि ते प्लेअरमधून रिसीव्हरपर्यंत कोणत्या वायरीने जाणार.

एसएसीडी

सोनी आणि फिलिप्सने १९९९ मध्ये आणलेली ही सुपर ऑडिओ सीडी डीएसडी पद्धतीची, म्हणजे एका बिटचे सेकंदाला २८ लाखांहून जास्त नमुने. बहुतेक डिस्क हायब्रिड असतात. त्यांच्यात साध्या सीडीचाही थर असतो, त्यामुळे कुठल्याही सीडी प्लेअरवर निदान स्टीरिओ तरी वाजते. ठरावीक देशांतच वाजू देणारा रीजन कोड नाही, टीव्ही लावून मेन्यू शोधायची गरज नाही. डिस्क घातली की गाणं सुरू. हे सुख बाकी दोघांकडे सहसा नाही.

अडचण वायरीची. कॉपी होईल या भीतीने सुरुवातीच्या प्लेअरमधून हा आवाज डिजिटल बाहेर येतच नसे, सहा अ‍ॅनालॉग वायरी जोडाव्या लागत. एचडीएमआय १.२ आलं २००५ मध्ये, तेव्हा कुठे डीएसडी एचडीएमआयच्या एका वायरीतून जायला लागलं. म्हणून एचडीएमआय नसलेला जुना प्लेअर कुणी स्वस्तात देत असेल तर आधी आपल्या रिसीव्हरची पाठ बघा. ५.१ अ‍ॅनालॉग इनपुट नव्या रिसीव्हरमधून जवळजवळ गेलेत. असले, तरी त्या वाटेने आलेल्या आवाजाला रिसीव्हर सहसा हात लावत नाही. लहान स्पीकरचा बास सबवूफरकडे वळवणं, अंतराची दुरुस्ती, सगळं बंद. प्लेअरमध्ये ती सोय असेल तरच निभावतं.

एचडीएमआयने नेलं तर बरेच रिसीव्हर रूम करेक्शन (खोलीप्रमाणे आवाज जुळवणं) चालू करताच डीएसडीचं पीसीएम, म्हणजे साध्या सीडीवर असते त्या पद्धतीचं रूपांतर करतात. शुद्धतावाद्यांना याचं फार दुःख होतं. मला नाही. आपल्या हॉलमध्ये एक स्पीकर शोकेसला चिकटलेला आणि दुसरा दारापाशी असतो. तिथे पातळी आणि अंतर जुळवल्याने जे मिळतं, त्यापुढे हे रूपांतर किरकोळ आहे.

दोन सापळे मात्र खरे. हाय-फाय दुकानात मिळणारे महागडे एसएसीडी प्लेअर बहुधा फक्त स्टीरिओ असतात. आणि एसएसीडी लिहिलं म्हणजे सराउंड, म्हणजे चारी बाजूंचा आवाज, असंही नाही. जपानमधून येणाऱ्या एसएचएम-एसएसीडी तर सहसा स्टीरिओ असतात, शिवाय त्यांत सीडीचा थरही नसतो. पाठीमागे मल्टिचॅनलची (दोनाहून जास्त चॅनलची) खूण नसेल तर पैसे देऊ नका.

डीव्हीडी-ऑडिओ

हिच्यासाठी वेगळी खरेदी करू नये. २००० च्या सुमारास आली, सहा चॅनलला २४ बिट ९६ किलोहर्ट्झ, एमएलपी नावाचं लॉसलेस, म्हणजे काही न गाळणारं कॉम्प्रेशन. दहा वर्षंही बाजारात तग धरली नाही. हाती लागली तर सोडू नका, कारण बहुतेक डिस्कवर सिनेमाच्या डीव्हीडीसारखा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमधला तोच ५.१ मिक्स असतो आणि तो साध्या डीव्हीडी प्लेअरवर ऑप्टिकल वायरीनेही ऐकता येतो. हाय-रेझोल्यूशन सराउंड मात्र ऑप्टिकलमधून जात नाही, ना हिचं ना दुसऱ्या कुणाचं.

ब्लू-रे

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हीच सांगेन. वेगळा प्लेअर लागत नाही, सिनेमाचा ब्लू-रे प्लेअरच पुरतो. डिस्क ड्राइव्हवाला प्लेस्टेशन ५ असेल तरी चालतो. एक एचडीएमआय वायर पुरते. आवाज लॉसलेस असतो, साध्या पीसीएममध्ये किंवा डॉल्बी ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओमध्ये. यातला ट्रूएचडी म्हणजे त्या एमएलपीचाच पुढचा अवतार. छतात स्पीकर लावलेत तर वरूनही आवाज देणारं डॉल्बीचं अ‍ॅटमॉसही यावरच.

तोटे आहेत. गाणं निवडायला अनेकदा टीव्ही लावावा लागतो, काही प्युअर ऑडिओ, म्हणजे निव्वळ संगीताच्या डिस्कवर रिमोटच्या रंगीत बटणांनी काम भागतं. युनिव्हर्सलने २०१३ मध्ये ‘हाय फिडेलिटी प्युअर ऑडिओ’ नावाने काढलेली मालिका बहुतांशी स्टीरिओ होती, तेव्हा इथेही कव्हर वाचाच. भारत ब्लू-रेच्या सी विभागात येतो, अमेरिका ए, पश्चिम युरोप बी. निव्वळ संगीताच्या डिस्क सहसा सगळीकडे चालतात, पण मैफलींच्या व्हिडिओंचं तपासून घ्या.

मग संगीत कोणतं?

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची आवड असेल तर एसएसीडीशिवाय गत्यंतर नाही. नेदरलँड्सची पेंटाटोन, स्वीडनची बिस, या रेकॉर्ड कंपन्यांचा मोठा खजिना त्यावरच आहे. नॉर्वेच्या टू-एलने ब्लू-रे जवळ केली. रॉकची जुनी रेकॉर्डिंग नव्याने ५.१ मध्ये येतात ती आता मुख्यतः ब्लू-रेवर. हिंदुस्तानी किंवा मराठी संगीतासाठी या वाटेला जाऊ नका, हा सगळा साठा जवळजवळ पाश्चात्त्यच आहे.

एकच अल्बम दोन्हीकडे असेल तर? पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ घ्या. ध्वनिअभियंता जेम्स गथ्रीने केलेला ५.१ मिक्स २००३ मध्ये एसएसीडीवर आला, तोच पुढे २०११ च्या संचात ब्लू-रेवर आला, आणि सोबत मूळ अल्बमचं ध्वनिमुद्रण करणाऱ्या अ‍ॅलन पार्सन्सचा सत्तरच्या दशकातला चार चॅनलचा मिक्सही. अशा वेळी स्वस्त मिळेल ती आणि आपल्या यंत्रावर सरळ वाजेल ती घ्यावी.

‘अ‍ॅपल म्युझिकवर अ‍ॅटमॉस मिळतं, मग डिस्क कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. तिथला अ‍ॅटमॉस ७६८ किलोबिटचा, कॉम्प्रेस करताना थोडं गाळलेला. पण सराउंड संगीत आपल्याला रुचतं का हे अजमावायला तो उत्तम, आणि पहिल्या डिस्कआधी महिनाभर तेच करावं. त्या महिन्यात मागचे स्पीकरही खाली आणा. सिनेमासाठी ते छताजवळ ठोकलेले असतात. संगीताच्या मिक्समध्ये मागे चक्क गिटार किंवा कोरस असतो, त्यामुळे ते कानाच्या उंचीवर, समोरच्या मधल्या रेषेपासून सुमारे ११० अंशांवर हवेत. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर दीड-दोन फूट पुढे ओढा.

प्लेअर एकच घ्यायचा तर सोनीच्या यूबीपी-एक्स८००एम२ सारखा घ्या, तिन्ही डिस्क वाजवतो. ओप्पोचे प्लेअर सरस होते, पण कंपनीने २०१८ मध्ये प्लेअरचं काम आवरलं आणि जुन्या बाजारात त्यांचे भाव चढेच असतात. घरी आणल्यावर सेटिंगमध्ये एसएसीडीसाठी सीडीऐवजी एसएसीडीचा थर आणि स्टीरिओऐवजी मल्टिचॅनल निवडा, ब्लू-रेचं ‘ऑडिओ मिक्स’ (मेन्यूचे वगैरे आवाज मूळ आवाजात मिसळणारी सेटिंग) बंद करा. मग डिस्क लावून रिसीव्हरच्या डिस्प्लेकडे बघा. मल्टिचॅनलच्या जागी स्टीरिओ दिसलं, तर आधी हीच सेटिंग पुन्हा तपासा, वायर बदलायची घाई नको.