हिरवं पाणी मारलं आणि १,१५,६५० रुपये नेले

उतारावरची माती धरायला पंपानं तंतूच्या घोळाचं आच्छादन फवारून घेणार असाल, तर आधी तंतूच्या पिशव्या मोजा. पंप, पाइप, हिरवा रंग सगळं नंतर बघा. आम्ही मोजल्या नाहीत आणि पन्हाळ्याच्या बाजूच्या १० गुंठे उतारावर पैसे घालवून बसलो.

फवारणीच्या आच्छादनाचा ठेकेदाराशी दर ठरला चौरस फुटाला ९ रुपये. १०,८९० चौरस फुटांचे ९८,०१० झाले, वर जीएसटी म्हणून १७,६४०. ६०,००० आगाऊ फोनवरून, ५५,६५० काम संपताच रोख. बिल ‘उद्या व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो’. ते आजतागायत आलेलं नाही. पक्कं बिल हातात पडल्याशिवाय जीएसटीचा रुपया देऊ नका.

तंत्र खोटं नाही, म्हणूनच विश्वास बसला. तीन फुटाला एक फूट उतरणाऱ्या तांबड्या मातीवर उसाचं पाचट टिकत नाही, वळवाच्या पाण्यानं खालच्या बांधाला जाऊन साचतं. लाकडाचा तंतू, गवार गमासारखा चिकट पदार्थ आणि पाणी यांचा दाट घोळ मात्र मातीला धरून वाळतो आणि थेंबांचा मार स्वतः सोसतो. हिरवा रंग कुठं मारलं ते दिसावं एवढ्यासाठीच.

अशा उताराला चौरस मीटरला साधारण ३५० ग्रॅम कोरडा तंतू लागतो. १० गुंठे म्हणजे १,०१२ चौरस मीटर, म्हणजे २५ किलोच्या १४ पिशव्या. चिकट पदार्थ पाच ते नऊ किलो वेगळा. १०० लिटर पाण्यात पाच-सहा किलो तंतू, म्हणजे सहा-सात हजार लिटर घोळ. यांनी आणल्या चार पिशव्या आणि पाच हजार लिटरचा एक टँकर. चौरस मीटरला जेमतेम १०० ग्रॅम, चिकट पदार्थाचा पत्ताच नाही.

चारही रिकाम्या पिशव्या बांधावर दगडाखाली दाबलेल्या होत्या, अगदी डोळ्यांसमोर. नोझलमधून पडलेला गोळा हातात घेतला तर हिरव्या लगद्यात वर्तमानपत्राची अर्धवट अक्षरं. विचारलं, तर ‘कागद पण तंतूच की ओ मालक’. तिथंच पंप बंद करायला लावायचा होता! कागदाचा तंतू आखूड, तो सपाट जागेला चालतो, उतारावर धरत नाही. जाड मारला तर पापुद्रा धरतो आणि पाणी वरूनच घसरतं. हे सगळं माहीत होतं, तरी पंपाच्या आवाजात गप्प बसलो.

चौथ्या दिवशी वळीव आला. अर्ध्या तासात हिरवं पाणी खाली आणि वाफ्यांच्या कडा ढासळलेल्या. ‘पावसाची गॅरंटी नसते’ म्हणे. वाळायला २४ ते ४८ तास कोरडे लागतात. इथं तीन दिवस कडक ऊन होतं. वरून येणारा लोंढा कुठलंच आच्छादन अडवत नाही हेही खरं, पण आमचा वरचा चर शाबूत होता. दोष मालाचाच.

पोलीस ठाण्यात सांगितलं, ‘हा दिवाणी मामला, कोर्टात जा.’ कृषी कार्यालयात सांगितलं, ‘खत, बियाणं, औषध असतं तर नमुना घेतला असता, हे आमच्यात बसत नाही.’ परत ठाण्यात गेलो, तर ‘कृषीचं पत्र आणा’. कृषीवाले पत्र देत नाहीत, कारण विषय त्यांचा नाही! चार हेलपाटे झाले, साधा पंचनामाही कुणी केला नाही. वाफे वाहून गेले ते जाग्यावर येऊन बघायला कुणाला वेळ नव्हता. लुटणाऱ्याला हे आधीच ठाऊक असतं.

घोळाचा नमुना आदल्या दिवशी मागा, फरशीवर दोन दिवस वाळवा, तिरकी धरून तांब्याभर पाणी ओता. हिरवं वाहिलं तर माणसं परत पाठवा. फवारणी दोन विरुद्ध बाजूंनी करून घ्या, नाहीतर ढेकळामागं माती उघडी राहते. रोपं लावायच्या आधी मारा. तिसरा हिस्सा पैसे पहिल्या पावसानंतरच.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार घेतात. आमचा अर्ज गेलाय. सोबत द्यायला चार पिशव्या आणि तो वाळलेला गोळा जपून ठेवलाय, अक्षरं अजून दिसतात.