नॉमिनी बदलून घेण्याची सेवा : काउंटर चोख, सल्ला अपुरा

आयुर्विमा पॉलिसीवरील नॉमिनी बदलून घेणे हे विमा कंपनीकडे असलेल्या कामांपैकी सर्वांत कमी कटकटीचे काम आहे, आणि बहुधा त्यामुळेच ग्राहक व कंपनी दोघेही ते पुरेशा गांभीर्याने घेत नाहीत. माझ्या दोन पॉलिसी दोन वेगवेगळ्या खासगी कंपन्यांच्या आहेत. दोन्ही लग्नापूर्वी घेतलेल्या असल्याने दोहोंवर थोरल्या भावाचे नाव होते. ते काढून आता पत्नी आणि अल्पवयीन मुलगी यांची नावे लावून घेतली. एका कंपनीत हे काम शाखेत कागदावर झाले, तर दुसरीत अ‍ॅपवरून.

शाखेतील अनुभव अपेक्षेपेक्षा बराच चांगला होता. अर्ज, मूळ पॉलिसी बाँड, ओळखपत्रांच्या प्रती आणि साक्षीदाराची सही एवढेच त्यांनी मागितले. काउंटरवरील कर्मचाऱ्याने माझी सही जुन्या प्रस्तावपत्रावरील सहीशी ताडून पाहिली आणि त्यानंतर, मी न विचारताच, ही पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतलेली नाही ना, याची खात्री करून घेतली. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्या कायद्याखालील पॉलिसीची रक्कम पत्नी व मुलांसाठी विश्वस्त निधी मानली जाते आणि पॉलिसीधारकाला मनात येईल तेव्हा तेथे दुसरे नाव घालता येत नाही. एवढे दक्ष असलेल्या या शाखेच्या अर्जात मात्र एकाहून अधिक नॉमिनी असल्यास कोणाचा किती हिस्सा, हे लिहायला रकानाच नव्हता. तो समासात हाताने लिहून खाली सही करावी लागली. काही दिवसांनी बाँडच्या मागे शिक्क्यासह पृष्ठांकन, म्हणजे बदलाची नोंद, होऊन तो परत मिळाला आणि त्यात हिस्से बरोबर उतरलेले होते.

अ‍ॅपची तऱ्हा उलटी आहे. तेथे हिश्श्यांची बेरीज शंभर टक्के भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, नॉमिनी अल्पवयीन असल्यास तिच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या व्यक्तीचे, म्हणजे अपॉइंटीचे, नाव भरणे सक्तीचे आहे, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की काम संपते. परंतु ईमेलने आलेल्या पत्रात केवळ दोघींची नावे होती. हिस्से आणि अपॉइंटी यांचा उल्लेख नव्हता. तक्रार नोंदवल्यावर सुधारित पत्र आले, पण ते मागावे लागले हे खरे.

पत्राबद्दल इतका आग्रह धरण्याचे कारण कायद्यातच आहे. विमा कायदा, १९३८ च्या कलम ३९ नुसार नॉमिनी पृष्ठांकनाने बदलता येतो, तसाच मृत्युपत्रानेही बदलता येतो. मात्र बदलाची लेखी सूचना कंपनीला मिळालेली नसेल आणि तिने नोंदीतील जुन्या नॉमिनीला सद्भावनेने रक्कम दिली, तर कंपनीला जबाबदार धरता येत नाही. बदल नोंदवल्याची लेखी पोच देणे हे याच कलमाने कंपनीवर घातलेले बंधन आहे. त्यामुळे या सेवेत ग्राहकाच्या हाती पडणारी खरी वस्तू म्हणजे ती पोच, आणि ती अपुरी असेल तर अ‍ॅप कितीही चपळ असले तरी त्याचे गुण मी कापणार.

दोन्ही कंपन्या कमी पडल्या त्या सल्ल्यात. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दिलेल्या निकालानुसार नॉमिनी हा केवळ रक्कम स्वीकारणारा असतो आणि ती रक्कम वारसांचीच राहते. विमा कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने मात्र आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना नॉमिनी केल्यास त्यांना त्या रकमेवर लाभाचा हक्क दिला. भाऊ, बहीण किंवा पुतण्या या यादीत नाहीत. म्हणजे भावाच्या जागी पत्नीचे नाव येते तेव्हा नॉमिनीचा कायदेशीर दर्जाही बदलतो. शिवाय इतर वारसांनी दावा केल्यास हा हक्क वारसा कायद्यावर मात करत नाही, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आहे, त्यामुळे ज्या घरात वाद संभवतो तेथे नॉमिनीबरोबर मृत्युपत्रही करणे शहाणपणाचे. यातले काहीही शाखेत कोणी सांगितले नाही आणि अ‍ॅपच्या मदत विभागातही लिहिलेले नव्हते. अर्जाच्या पाठीमागे चार ओळी छापायला असा कितीसा खर्च येतो?

आणखी दोन गोष्टी त्या चार ओळींत बसल्या असत्या. कुटुंब नसताना भविष्य निर्वाह निधीसाठी केलेले नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप अवैध ठरते. विम्याचेही तसेच असते अशी समजूत नोकरदारांत सर्रास आढळते, पण आयुर्विम्यात लग्नाने किंवा घटस्फोटाने नॉमिनी आपोआप बदलत नाही. दुसरी गोष्ट गृहकर्जाची. कर्जापोटी पॉलिसी बँकेच्या नावे केली तरी नामनिर्देशन रद्द होत नाही, फक्त बँकेच्या हक्कापुरता नॉमिनीचा हक्क मागे पडतो, आणि कर्ज फिटून ती परत आपल्या नावे झाली की तेच नामनिर्देशन पूर्ववत लागू होते, त्यामुळे मधल्या काळात घरातली परिस्थिती बदललेली असेल तर जुने नाव तसेच परत येते.

ज्यांचा बाँड कागदी आहे आणि ज्यांची सही काळाच्या ओघात बदलली आहे, त्यांनी शाखेतच जावे, कारण सहीचा प्रश्न समोरासमोर लवकर सुटतो. आयुर्विमा महामंडळाच्या पॉलिसीधारकांसाठी या कामाचा फॉर्म ३७५० क्रमांकाचा आहे. इतरांना अ‍ॅप पुरेसे आहे. फक्त आलेले पत्र उघडून त्यातील नावांची अक्षरे, जन्मतारखा, हिस्से आणि अपॉइंटी हे सारे त्याच दिवशी तपासावे आणि पत्राची एक प्रत नव्या नॉमिनीच्या हाती द्यावी.