मीटरवर १२.७ व्होल्ट दिसले आणि मी पैसे मोजले

रिमोटची मॉडेल विमानं उडवायला आम्ही जातो त्या मैदानावर वीज नाही. विमानांच्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या, म्हणजे लिपो पॅक, तिथेच चार्ज करायचे तर बॉनेट उघडायचं आणि चार्जरच्या मगरी क्लिपा गाडीच्या बॅटरीला लावायच्या, एवढाच उपाय. तो मी वर्षभर केला. मग एका संध्याकाळी चावी फिरवली तर नुसतं टक्-टक्, आणि चौघांनी गाडी ढकलली. त्या दिवशी ठरवलं, चार्जिंगला वेगळी बॅटरी घ्यायची.

हिशोब मी नीट केला होता, हे आधीच सांगतो. म्हणजे पुढचं वाचून मी अगदीच अडाणी होतो असं वाटायला नको. माझे पॅक चार सेलचे, ५००० एमएएचचे. १४.८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास (एएच), म्हणजे ७४ वॅट-तास. चार्जरमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, ती धरून बॅटरीतून ८७ जातील. बॅटरीच्या बारा व्होल्टनं भागलं की एका पॅकला सव्वासात एएच. शिसे-ॲसिडची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही हा नियम पाळला, तरी १०० एएचवर सहा पॅक आरामात व्हायला हवेत.

जाहिरात नेमकी तशीच सापडली. ‘डीप सायकल, १०० एएच, मेंटेनन्स-फ्री, न वापरलेली.’ गाडीची साधी बॅटरी मला नकोच होती. तिच्यात पातळ प्लेटा पुष्कळ असतात, कारण तिनं स्टार्टरला क्षणभर शेकडो अँपिअर द्यायचे असतात. तासन्‌तास थोडा थोडा करंट काढून ती पुन्हापुन्हा रिकामी केली की प्लेटांवरचा लेप झडायला लागतो. डीप सायकलच्या प्लेटा जाड असतात, तिला असं रिकामं होणं सोसतं. हे सगळं मला पाठ होतं.

विकणाऱ्यानं मी विचारायच्या आत मल्टिमीटर काढला. १२.७. ‘बघा साहेब, फुल्ल आहे.’ मी मान डोलावली. लिपोच्या एकेका सेलचा अंतर्गत रोध मोजून वहीत लिहिणारा मी, लोड न लावता दाखवलेल्या व्होल्टेजवर खूश झालो. नुकत्याच चार्जरवरून काढलेल्या थकलेल्या बॅटरीवरही १२.७ दिसतात. व्होल्टेजवरून बॅटरी भरली आहे का एवढं कळतं, तिच्या पोटात किती मावतं ते नाही.

आणि वजन! मी ती एका हातानं उचलून डिकीत ठेवली. ‘हलकी आहे हो,’ म्हणालो, तर ‘नवीन टेक्नॉलॉजी’ असं उत्तर आलं. शिसं हलकं करण्याची टेक्नॉलॉजी अजून कोणी काढलेली नाही. १०० एएचची शिसे-ॲसिड बॅटरी साधारण २५ ते ३० किलो भरते. ही नंतर घरच्या वजनकाट्यावर ठेवली, तर १२ भरली. वॉरंटी कार्डावर सिरीयल नंबरची जागा कोरी होती. ‘तुम्हीच भरा,’ म्हणाला.

मैदानावर पहिला पॅक झाला. दुसरा अर्ध्यावर असताना चार्जर ओरडायला लागला, इनपुट व्होल्टेज कमी. ११ च्या खाली गेलं की तो थांबतो. माझा पहिला संशय आला चार्जरवर. विकणाऱ्याला फोन केला, तर तोही तेच म्हणाला, ‘चार्जर चेक करा.’ मग वायरवर संशय. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं हे खरंच आहे, म्हणून जाड तांब्याची वायर आणली, पॉझिटिव्हजवळ नवा फ्यूज टाकला. फरक शून्य. शेवटी चार्जिंग चालू असताना मीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर धरला. तिथेच ११. वायरीचा दोष असता तर टर्मिनलवर बारा आणि चार्जरशी अकरा दिसले असते. हे दोन मिनिटांचं काम मी दोन आठवडे केलं नव्हतं.

घरी बॅटरी पूर्ण चार्ज करून, रात्रभर ठेवून, हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावला. तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो. खरी १०० एएच असती तर जवळजवळ वीस तास जळायला हवा. दोन तास चाळीस मिनिटांत व्होल्टेज साडेदहावर आलं, म्हणजे बॅटरी रिकामी. साडेचार अँपिअरनं हिशोब केला तर बारा एएच. बल्ब मंद होत गेला आणि मी घड्याळ बघत समोर बसून होतो.

मग हेअर ड्रायर घेतला. वरचं स्टिकर गरम करून कोपऱ्यापासून सोलत गेलो आणि खालून एकामागून एक पाणी भरायची सहा बुचं निघाली. मेंटेनन्स-फ्री! बाजूच्या स्टिकरखाली अर्धवट खरवडलेलं जुनं लेबल होतं, त्यावर ४५ एएच वाचता येत होतं. टर्मिनल चकचकीत होते, पण भिंगातून कानशीचे ओरखडे दिसले. हातमोजे, गॉगल चढवून ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवला: पाच सेल १.२६ च्या आसपास, म्हणजे ठीक, तिसरा १.१४, म्हणजे उतरलेला. त्या सेलमधलं ॲसिड चहासारखं तपकिरी, म्हणजे प्लेटा झडलेल्या. खूण म्हणून तिसऱ्या सेलसमोर डब्यावर मार्करनं ‘३’ लिहिला आणि बाण काढला.

यानंतरचा मूर्खपणा जास्त लागतो. फोटो पाठवल्यावर विकणारा एकदम गोड झाला. ‘दादा, कंपनीकडून फसवणूक झाली असेल, बॅटरी आणून द्या, तपासून पैसे परत करतो.’ मी नेऊन दिली. पावती मागितली नाही, भांडायला आलोय असं वाटेल म्हणून. चार दिवस ‘तपासणी चालू आहे’, मग फोन लागेना. आता माझ्याकडे पैसेही नाहीत आणि पुरावाही नाही. आहेत ते फोटो.

गेल्या आठवड्यात जाहिराती चाळताना एक दिसली. वेगळं नाव, नवं कोरं स्टिकर, ‘डीप सायकल, १२० एएच’. फोटो मोठा करून पाहिला. डब्याच्या बाजूला, स्टिकरच्या कडेला अर्धा ‘३’ आणि बाणाचं टोक.